चारशे दुकानांत झोपलेलं बाळ

बाळाचा श्वास संथ झाला तसं तिनं त्याला मांडीवरून अलगद गादीवर सरकवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि मागच्या मागे सरकत येऊन लॅपटॉप उघडला.

बाळंतपणाच्या रजेनंतरचा हा पहिला आठवडा, आणि तोही परीक्षेचा. तिची कंपनी लहान दुकानदारांना स्वतःची वेबसाइट बनवायची आणि चालवायची सोय करून द्यायची. त्या दुकानदारांसाठी ‘नवं काय, करायचं कसं’ हे पान लिहिणं तिचं काम. साहेबांनी बजावलं होतं, "आठवडाभर घरून करून बघा. पण काही गडबड झाली तर सोमवारपासून ऑफिसात. बाळ आणि काम एका हातानं होत नाही हो, मी जग बघितलंय." ऑफिस म्हणजे जाण्यायेण्यातच अर्धा दिवस. आणि हे चिरंजीव तर अजून वाटी-चमचा दिसला की तोंड फिरवत होते.

आजची बातमी होती सूचनेच्या पट्टीची. दुकान बंद असो की सवलत असो, साइटच्या माथ्यावर ठळक पिवळी पट्टी झळकणार. महिना झाला तरी एकाही दुकानदारानं ती वापरली नव्हती, म्हणून तिच्यावर लेख. लेखाला चित्र हवं, म्हणून आधी सरावाच्या साइटवर पट्टी लावून बघायची. मजकूर काय घालावा? सकाळपासून दारावरच्या बेलनं बाळाला दोनदा उठवलं होतं. मनात होतं तेच बोटांतून उतरलं: ‘बाळ झोपलंय. बेल वाजवू नका. हळू बोला.’

पट्टी कुठं लावायची, या प्रश्नाखाली पहिलाच पर्याय होता ‘सगळ्या साइट’. तेवढ्यात बाळ कुशीवर वळलं. तिचे डोळे तिकडे गेले, बोट इकडे पडलं.

पाचेक मिनिटांत सासरे चवड्यांवर चालत आत आले. हातात फोन.

"सूनबाई," ते कुजबुजले, "हे कानाच्या यंत्राचं दुकान बघ. म्हणतंय हळू बोला! अगं, हळू बोललेलं ऐकू येत नाही म्हणून तर त्याच्याकडे जायचं ना?"

तिनं फोन ओढून घेतला. भराभर एकेक साइट उघडली. कुलूपवाला: बाळ झोपलंय. व्यायामशाळा: बाळ झोपलंय. ड्रम शिकवणारे गुरुजी: बेल वाजवू नका, हळू बोला. चारशे दुकानांत एकाच वेळी तिचं बाळ झोपलं होतं.

"बाबा, मेले मी!"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "इथं लिहिलंय."

पट्टी लावायला एक बटण पुरत होतं. काढायला मात्र प्रोग्रामरच्या फोनवर येणारा आकडा लागायचा. घाईघाईत कुणी काही पुसू नये, म्हणून केलेला नियम. रजेवर जाण्याआधी या नियमाचं तोंडभरून कौतुक करणारा लेख तिनंच लिहिला होता. आता तो लेख आठवून तिला स्वतःचाच राग आला.

प्रोग्रामर फोन उचलेना. चौथ्यांदा उचलला तर नुसतं "आं... आं..."

"अरे, कुठं आहेस तू?"

व्हिडिओ सुरू झाला. प्रोग्रामर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस, डोळ्यांत पाणी. तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं तोंड मिटायचा प्रयत्न केला, डॉक्टरांनी तो हाणून पाडला. मग बिचाऱ्यानं फोनवर आलेला आकडा बोटांनी दाखवायला सुरुवात केली. चार. दोन. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून एक गोल.

"हे शून्य, की छान चाललंय?"

"आं!" प्रोग्रामर कळवळला. ते शून्यच होतं.

शेवटचं बोट वर होतं न होतं, तोच पडद्यावर डॉक्टरांचं डोकं आलं. "ताई," ते अगदी हळू म्हणाले, "ते बाळ तुमचंच का? उठलं का हो? आमच्या साइटवरची पट्टी वाचून बाहेरचे पेशंट कधीचे श्वास धरून बसलेत."

पट्टी उतरली. ती खुर्चीत मागे टेकली, आणि फोन वाजला. साहेब. बाळानं नेमके त्याच क्षणी डोळे उघडले. बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन चिमण्या दाखवू लागले.

"साहेब, चूक माझी आहे," तिनं आधीच सांगून टाकलं. "सोमवारपासून येते मी ऑफिसला."

पलीकडून कुजबुज आली. "कशाला?"

"साहेब, पट्टी काढली. आता मोठ्यानं बोललात तरी चालेल."

"छे छे, इथं अजून सगळे हळूच बोलतायत. इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा मला माझं काम करता आलं! आणि ऐका, पन्नासेक दुकानदारांचे फोन आलेत. पट्टीवर आपला मजकूर कसा घालायचा, विचारतायत. तुमचा लेख संध्याकाळपर्यंत द्या. घरूनच करा काम, कायमचं. एवढी शांतता असेल तर," साहेब थोडे घुटमळले, "मीही घरूनच करीन म्हणतो."

तिनं लेख लिहिला, बाळ मांडीवर, एक मूठ तिच्या केसांत. साहेब सोमवारपासून घरी बसले.

गुरुवारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज बाईमाणसाचा, दबलेला, बहुतेक न्हाणीघरातून आलेला.

"मी तुमच्या साहेबांची बायको. तुमचं ते पान आमचे हे रोज वाचतात हो, शब्द न् शब्द पाळतात. चार दिवस झाले, डब्यांवर लेबलं लावतायत, भाजी चिरायची पद्धत सुधारतायत, जेवण झालं की मला अभिप्राय देतायत. तुमचे पाय धरते, बाई, एखादी युक्ती लिहा ना: मोठ्या माणसांनी साइटवर ऑफिसातूनच लक्ष ठेवावं, तेच सगळ्यात सुरक्षित!"

तिनं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि लगेच लिहायला बसली. सरावाच्या साइटवर आधी लावून बघितलं, मग प्रसिद्ध केलं.

शुक्रवारी सकाळी साहेब ऑफिसात पहिले हजर होते.