क्लबचा एकुलता एक गोल

"इतिहास काय वाचत बसायचा? इतिहास आपण करून दाखवू! जसाच्या तसा!"

फुटबॉल क्लबच्या बैठकीत टेलरमास्तर टेबलावर हात आपटून असं म्हणाले, आणि तिथंच सगळं बिघडलं. टेबल क्लबचं होतं, म्हणजे त्याचा एक पाय विटेवर होता. वीट सरकली, चहाचे कप अध्यक्षांच्या मांडीवर कलंडले, अध्यक्ष ओरडत उभे राहिले, आणि बाकीच्यांना वाटलं, वा! अध्यक्षांनी उभं राहून अनुमोदन दिलं! मग सगळेच उभे राहिले. ठराव एकमताने मंजूर!

आता या क्लबचा इतिहास तुम्हाला सांगायला हवा. घाबरू नका, फार वेळ लागणार नाही. गावात क्लब निघाला त्याला चाळीसेक वर्षं झाली. या चाळीस वर्षांत क्लब हरला. मधूनमधून पावसाने सामना रद्द झाला, तो क्लबवाले बरोबरीत धरतात. आणि एकदा, एकदाच, क्लब चक्क जिंकला. नदीपलीकडच्या गावाशी, त्यांच्याच मैदानावर, एक-शून्य. त्यातलं शून्य सगळ्यांनी मिळून राखलं होतं. एक मात्र टेलरमास्तरांचा!

हा गोल सुरुवातीला तसा जवळूनच मारलेला होता. पण मास्तरांच्या दुकानात जो कोणी शर्ट शिवायला येई त्याला माप देता देता तो ऐकावा लागे. गिऱ्हाइकाला पळता येत नसे, कारण गळ्याभोवती टेप! अशा निवांत वातावरणात तो गोल दर वर्षी थोडाथोडा मागे सरकत गेला आणि शेवटी मध्यरेषेवर येऊन थांबला. आणखीही मागे गेला असता, पण मग आपण आपल्याच अर्ध्या भागात काय करत होतो, हेही सांगावं लागलं असतं.

कुणी खोडून काढायचं? सामना पलीकडच्या गावात झालेला, त्यामुळे इकडचं काळं कुत्रंही बघायला गेलं नव्हतं. संघातल्या बाकीच्यांनी जन्मात पहिल्यांदा विजय पाहिला होता. तो कसा मिळाला याची चौकशी करण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. आणि ज्याच्यावर गोल झाला तो पलीकडचा गोलकीपर? तो तर मास्तरांपेक्षा जास्त रंगवून सांगायचा! "चेंडू कसला हो, तोफेचा गोळा! मला दिसलाच नाही!"

हा गोलकीपर पुढे मास्तरांचा मेहुणा झाला. त्या गोलामुळेच झाला. त्याने घरी जाऊन गोलाचं इतकं कौतुक केलं की त्याच्या वडिलांना वाटलं, आपल्या एवढ्या धिप्पाड पोराला चकवणारा माणूस मुलीला नीट सांभाळेल. निदान मास्तर तरी तसंच समजत होते. थोडक्यात, क्लबची अब्रू, मास्तरांचा संसार आणि दुकानावरची 'चॅम्पियन टेलर्स' ही पाटी, तिन्हींचा भार त्या एका गोलावर होता. तो गोल गेला की मास्तर उरतात फक्त टेलर.

आणि हल्ली तो हलायला लागला होता! क्लबमधली नवी पोरं फार उर्मट. परवा एकाने पँटची उंची मोजून घेता घेता विचारलं, "काका, व्हिडिओ आहे का त्या गोलचा?" बाकीची फिदीफिदी हसली. मास्तरांनी त्याची पँट तीन बोटं आखूड शिवली, पण मनाला काही शांती मिळाली नाही.

म्हणून हा घाट! तोच सामना, तेच खेळाडू, जे उरलेत आणि उठू शकतात ते. तोच गोल, सगळ्या गावादेखत. आणि गोल झाला की लगेच मैदानाच्या दारात स्मारकाचं अनावरण! स्मारक गवंड्याने बनवलं होतं. मास्तरांच्या उजव्या पायाचा सिमेंटचा बूट! हा गवंडी त्या सामन्यात मास्तरांच्या मागे बचावाला होता. चेंडू जवळ आला की डोळे गच्च मिटायचे आणि जीव खाऊन लाथ घालायची, ही त्याची खेळण्याची पद्धत. बांधकामातही तो साधारण तीच वापरतो. उरलेलं सिमेंट वाया जायला नको म्हणून त्याने बूट जरा ऐसपैस केला. आत एक माणूस छत्री घेऊन उभा राहील एवढा.

बूट झाकायला मास्तरांनी घरातली फुलाफुलांची चादर नेली.

"नवी चादर आहे ती!" काकू म्हणाल्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको.

"इतिहासासाठी जातेय!"

"जाऊ दे. पण ती हाफपँट शिवताय ना, तिचं कमरेचं माप तरी घ्या."

"टेलरला माप शिकवतेस?"

"टेलरला नाही हो, तुम्हाला."

मास्तरांनी माप घेतलं नाही. त्या वेळचं माप त्यांच्या डोक्यात पक्कं होतं आणि कापड त्या मापाने बेतलंही होतं. इतिहास म्हणजे जसाच्या तसा!

"जसाच्या तसा?" काकूंनी हातातलं काम थांबवून विचारलं. "अगदी तस्सा? बघा हं. अजून विचार करा."

"विचार कसला?"

"काही नाही," म्हणून काकूंनी दातांनी दोरा तोडला आणि आत गेल्या.

मेहुण्याचा फोन आला तोही असाच रडका. "जावईबापू, कशाला उगाच उकरून काढताय? चाललंय ते चांगलं चाललंय की."

"दादा, तुम्हाला फक्त उजवीकडे उडी मारायची आहे. चेंडू डावीकडून जाईल. यात अवघड काय?"

"उडीचं नाही हो... म्हणजे गुडघा... बरं, येतो. पण नंतर मला काही बोलू नका."

ठरलेल्या दिवशी मैदान माणसांनी गच्च भरलं! जन्मात क्लबच्या सामन्याला न फिरकलेले लोकही आले, कारण आज क्लब जिंकणार हे आधीच जाहीर झालं होतं. पलीकडचं गावही लोटलं. पहिल्या रांगेत खुर्चीवर प्रमुख पाहुणे, म्हणजे त्या सामन्याचे पंच. दवाखान्यातले जुने कंपाउंडरआजोबा. नव्वदीला टेकलेले, कानाने जड, पण गळ्यात शिट्टी तीच. त्यांना शाल द्यायची, हार घालायचा, सगळं कमिटीच्या लक्षात होतं. गोल कसा झाला हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. मास्तर असताना विचारायचं कशाला?

अध्यक्षांचं किराणा दुकान. रोज गिऱ्हाइकांवर ओरडून कमावलेला आवाज आज माइकवर होता. हातात मास्तरांनीच लिहून दिलेलं वर्णन. दोन्हीकडचे म्हातारे मैदानात आले, थोडंसं धावले, बरंचसं धापले, आणि तो क्षण आला!

"आणि पाहा! मध्यरेषेवरून कॅप्टन टेलरमास्तरांचा उजवा पाय विजेसारखा तळपतो!"

पाय तळपला. चेंडू निघाला. रमतगमत, गवताची विचारपूस करत थोडा पुढे गेला आणि थांबला. तिकडे दादांनी ठरल्याप्रमाणे उजवीकडे धाडकन उडी घेतली होती. गोल सताड उघडा, गोलकीपर आडवा, आणि चेंडू मैदानाच्या मध्यात विश्रांती घेतोय!

"चेंडू जाळ्यात! काय हा वेग! डोळ्यांना दिसलासुद्धा नाही!" अध्यक्ष कागदातून मान वर न काढता गरजले.

लोकांना तो चांगलाच दिसत होता.

"वारा उलटा आहे!" मास्तर ओरडले. "पुन्हा घ्या!"

पुन्हा वीज तळपली. पुन्हा दादा आडवे. चेंडू आधीपेक्षा जरा कमी गेला. तिसऱ्या वेळी मास्तरांनी चेंडू पुढे घेतला. "रेषा चुकीच्या आखल्यात पोरांनी! मध्यरेषा पूर्वी इथे होती!" चौथ्या वेळी मध्यरेषा आणखी पुढे आली.

"जावईबापू, मी माणूस आहे की पोतं?" दादा गुडघा चोळत ओरडले. "कितीदा पडू?"

"इतिहास आहे, दादा! पडा!"

इतक्या वर्षांत गोल जेवढा मागे गेला होता, तेवढा तो अर्ध्या तासात पुढे आला. आता मास्तर थेट गोलपोस्टसमोर होते. पोरं पोट धरून हसत होती. मास्तरांचा चेहरा लाल, श्वास फुललेला आणि हाफपँट इतकी आवळलेली की तो आत जाईना की बाहेर येईना. त्यांनी सगळा जीव एकवटून लाथ घातली. चेंडू गोलपोस्टच्या खांबावर आदळला आणि घरंगळत लांब मागे गेला. मास्तरांना रडूच फुटायला आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली, तर बुटाची लेस सुटलेली. बरंच झालं! ते वाकून लेस बांधायला लागले.

चेंडू घरंगळत गेला तो नेमका गवंड्यापाशी. गवंड्याला आज नुसतं उभं राहायला सांगितलं होतं. पण सवय ती सवय! चेंडू जवळ आलेला पाहताच त्याने डोळे गच्च मिटले आणि जीव खाऊन लाथ घातली.

फाट!

आणि लगेच, टर्र!

चेंडू मास्तरांच्या पाठीखाली, जिथं हाफपँट सर्वांत ताणलेली होती, तिथं बरोबर बसला, तिथून उसळला आणि दादांच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. मास्तर तोंडावर आपटले.

अध्यक्षांनी कागद उलटा करून पाहिला. "हे... हे यात नाही," ते माइकवरच म्हणाले.

तेवढ्यात शिट्टी वाजली! कंपाउंडरआजोबा खुर्चीतून उठून उभे!

"गोल! आत्ता जमलं! मघापासून काय चाललं होतं ते मला कळेचना! अगदी अस्साच झाला होता! तेव्हाही हा लेसच बांधत होता!"

मास्तर जमिनीवरून हात हलवून त्यांना गप्प करायला बघत होते. आजोबांना वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नाही. ते काठी टेकत माइकपाशी गेले आणि सगळं पुन्हा सांगितलं. चेंडू नेमका कुठं लागला होता ते स्वतःच्या धोतरावर थाप मारून दाखवलं. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना दिसावं म्हणून वळून दोनदा.

सगळ्या माना दादांकडे वळल्या. दादांनी हात झटकले.

"मग मी काय सांगायचं होतं? तोफेच्या गोळ्यापुढे हरलो म्हटलं तर लोक पाठीवर हात ठेवतात! याच्या ह्याच्यापुढे हरलो म्हटलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती का?"

हशाचा असा काही डोंब उसळला की बस! मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणीही बहुधा हसत असावी. उठायचीही सोय नव्हती. एक हात जमिनीवर, दुसरा हाफपँटच्या उसवलेल्या शिवणीवर. आणि शिवण कुणाची? चॅम्पियन टेलर्सची! आता कोण शिवायला येणार? आणि मुख्य म्हणजे, ही काय म्हणेल?

ती तरातरा येतच होती. वाटेत काकूंनी स्मारकावरची चादर एका झटक्यात ओढून काढली, मैदानात येऊन मास्तरांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्यांना धरून बुटाच्या चौथऱ्यावर आणून बसवलं. अशा रीतीने अनावरण पार पडलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"कळलं ना आता तुला सगळं?" मास्तर खालच्या मानेने म्हणाले.

"आता? मी तेव्हा कुंपणाला टेकून उभी होते."

"म्हणजे?"

"म्हणजे पाहिलंय सगळं. हसून हसून खाली बसले होते मी. नंतर बाबांनी विचारलं, तर म्हटलं, करेन तर याच्याशीच."

"पण... का?"

"अहो, उठल्यावर काय केलंत ते विसरलात? तोंडात माती, आणि दोन्ही हात वर करून मैदानभर धावलात! जसं काही मुद्दामच मारला! म्हटलं, या माणसाच्या घरात पैसा असेल नसेल, करमणूक भरपूर असेल."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सांगताना मध्ये कधी श्वास घेतलात?"

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. गोल गेला होता, पाटी गेल्यात जमा होती, पण संसार मात्र जागचा हलला नव्हता. उलट तो त्याच गोलावर उभा होता, खऱ्या गोलावर! मास्तरांना एकदम फार बरं वाटलं. त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हाताने चादर.

एवढ्यात गवंडी डोकं खाजवत आला. "मास्तर, म्हणजे त्या वेळची लाथ माझी होती काय? माझे तर डोळे मिटलेले!" मग त्याने बुटाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि दोन्हींचा अंदाज घेतला. "मग हे स्मारक चुकलंच की! दुरुस्त करून देऊ? सिमेंट आहे अजून शिल्लक."

"ठरावात जसाच्या तसा असंच लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले.

काकूंनी एकदा त्या अवाढव्य बुटाकडे पाहिलं, एकदा चादरीत गुंडाळलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्या कमिटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काही नको! बूटच राहू द्या!"

क्लबच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा दुसरा ठराव. अनुमोदन मास्तरांनीच दिलं. बसल्या बसल्या.