पक्षकाराला काही सांगायचं नसतं

"नमस्कार. मी सुदर्शन. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतला एकमेव कायदेविषयक वार्ताहर, शिवाय खासगी तपासनीस. जिथे भल्याभल्यांची मती गुंग होते, तिथे माझी नुकतीच जागी होत असते."

हे मोबाइलला सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं जात होतं. घोडेगावात कोर्टासमोर भगवंतराव वकिलांचं ऑफिस आहे, सुदर्शन तिथला कारकून. सामान्य माणसाला कायद्याच्या बातम्या समजाव्यात म्हणून तो 'कोर्टाची पायरी' नावाचं चॅनल चालवायचा. शहाणी माणसं ही पायरी चढत नाहीत, हे त्याच्या दोनशे बारा प्रेक्षकांनी सिद्ध केलं होतं.

दार ढकलून आत येताना हर्षालीने हे सगळं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे न ऐकल्यासारखं केलं. दीड वर्षापासून ती इथे ज्युनिअर वकील होती. ज्युनिअरने साहेबांच्या आधी यायचं, साहेबांच्या नंतर जायचं, साहेबांची बॅग उचलायची आणि साहेब कोर्टात चुकले की आपण मान खाली घालायची. पगाराला तिथे 'अनुभव' म्हणत. पण सगळ्यांत मोठा नियम वेगळाच होता: पक्षकाराला काही सांगायचं नाही. "काम चालू आहे" एवढंच म्हणायचं. पक्षकाराला सगळं कळलं तर तो आपल्याकडे येईल कशाला, असं भगवंतरावांचं साधं शास्त्र होतं.

बाहेरच्या बाकावरून लोणीचा यमाजी उठला. पहिल्या एसटीने आला होता, खांद्यावर घोंगडी, कपाळावर भंडारा. तो काही बोलणार इतक्यात हर्षाली सवयीने म्हणाली, "काम चालू आहे बाबा, बसा." तो बसला.

दहा वाजता तिने कपाट उघडलं. यमाजीच्या बापाने केलेलं खरेदीखत फायलीत नव्हतं. शेजाऱ्याने दावा लावलेल्या दोन एकरांचा तोच काय तो पुरावा. मूळ कागद दाखवायला कोर्टाने आज अकरापर्यंतची शेवटची संधी दिली होती. किल्ली खिळ्याला लटकत असे, पण कपाटाची जबाबदारी हर्षालीची.

भगवंतरावांनी आवाज चढवला नाही, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "अकरापर्यंत कागद आला नाही, तर उद्यापासून तू येऊ नकोस. आणि बाहेर बोलायचं नाही. पक्षकाराला तर मुळीच नाही."

"साहेब, प्रकरण माझ्यावर सोडा," सुदर्शन म्हणाला. त्याने भिंग काढलं. ते साहेब जुने सातबारे वाचायला वापरत.

टेबलावर तीन गोष्टी सापडल्या: लोकरीचा एक काळा धागा, चिमूटभर पिवळी पूड आणि चहाचं गोल वर्तुळ.

"लोकर," सुदर्शन डोळे मिटून म्हणाला. "म्हणजे स्वेटर. म्हणजे थंडी. आपल्याकडे कडाक्याची थंडी कुठं? घाटघरला. चोर घाटघरचा आहे मॅडम."

"घाटघरचा आपल्याकडे एकही पक्षकार नाही," हर्षाली म्हणाली.

"मग तर पुरावाच आहे. ओळखीचा चोर येतोय कशाला?" त्याने पूड हुंगली. "हळद. ताजी. गेल्या आठवड्यात विरुद्ध पार्टीच्या पोराचं लग्न झालं. नवरदेव अंगाची हळद उतरायच्या आत इथं येऊन गेला. स्वेटर घालून."

"वैशाखात?"

"वेश बदलला होता राव."

चहाच्या वर्तुळाला तो संघटित टोळीची खूण म्हणाला. मग पायांचे ठसे मोजायला टेप घेऊन बाहेर गेला. "पावणं, पाय वर घ्या. तपास चालूय."

"कसला वो तपास?" यमाजीने पाय वर घेत विचारलं.

"ते पक्षकाराला सांगता येत नाय."

साडेदहापर्यंत घाटघरची थंडी, नवरदेव आणि टोळी असे तिन्ही तर्क आपटले. तेव्हा सुदर्शनने भिंग हर्षालीकडे वळवलं. "मॅडम, पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममध्ये तुम्ही अर्ज केला होता ना?"

भगवंतरावांनी मान वर केली. मग घड्याळ बघितलं. हर्षालीला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. नोकरी तर गेलीच होती. मग नियम कुणासाठी पाळायचा? ती उठली आणि बाहेर जाऊन बाकावर यमाजीशेजारी बसली. मागोमाग साहेब आणि सुदर्शनही दारात आले.

"बाबा, तुमचं खरेदीखत हरवलंय. माझ्या ताब्यात होतं. आज ते दाखवलं नाही तर दोन एकरांवर पाणी सोडावं लागेल. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

यमाजीने शांतपणे ऐकून घेतलं. मग घोंगडीच्या घडीत हात घातला. "ह्येच का ते?"

भंडारा लागलेलं, फडक्यात नीट गुंडाळलेलं खरेदीखत.

"सकाळी आलो तवा ह्यो भाऊ मोबाइलशी बोलत व्हता. ह्यो कागद मोबाइलला दावला आन् त्याच्यावरच चहाचा गिलास ठिवला, माझ्या बापाच्या अंगठ्याजवळ. मंग म्या गिलास बाजूला केला, कागद घोंगडीनं पुसला, भंडारा लावला, ठिवला जवळ. तुमाला सांगाया उठलो, तर तुमी म्हनला काम चालू हाय, बसा. बसलो."

सगळे सुदर्शनकडे बघायला लागले. "आज 'मूळ दस्त म्हणजे काय' असा भाग होता," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण लोकरीचं बरोबर निघालं का नाय?"

हर्षालीने हात पुढे केला. यमाजीने कागद दिला नाही.

"आधी पावती द्या लिवून. सायबाची सही पायजे. आन् ताई, आज आत काय व्हनार त्ये बी सांगा. चार वर्सं येतोय, कोन बोलतच न्हाई."

साहेबांनी पावतीवर सही केली. अकराला पाच मिनिटं कमी असताना हर्षाली आणि यमाजी रस्ता ओलांडत होते. दावा कुठे अडलाय, न्यायाधीश काय विचारतील, हे ती बोलत होती आणि तो मान डोलवत होता. मागून भगवंतराव आपली बॅग स्वतः उचलून येत होते.

संध्याकाळी चॅनलवर भाग आला: 'लोकरीच्या धाग्याने फोडली वाचा.' सकाळचंच चित्रण होतं. त्याखाली एकच प्रतिक्रिया होती, लोणीच्या सुंदराची, म्हणजे यमाजीच्या सुनेची. "दादा, तुमी बोलताय तवा मागं आमचं मामंजी कागद पुसत्यात. दिसलं न्हाई का?"