घड्याळाचे एकशे ऐंशी व्होल्ट

हिशेब अगदी सोपा होता. स्वागतकक्षातलं नळ्यांचं घड्याळ उजळलं, की ते बनवणाऱ्या डिझायनरला खिडकीजवळचं टेबल मिळणार! सध्या तो झेरॉक्स मशीनच्या कुशीत बसायचा. खिडकीबाहेर मात्र एक अख्खं झाड होतं, झाडावर टेकलेले ढग होते, आणि त्यांच्याकडे बघत पगारी तंद्री लावायची सोय होती.

घड्याळाच्या आठ काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे उमलायला एकशे ऐंशी व्होल्ट लागत. हाताशी होते बारा. बाराचे एकशे ऐंशी करवून घेणारी चिप, म्हणजे सर्किटवरची मुकादम, तेवढी निवडायची होती.

"ही मागवा," डिझायनर म्हणाला. "माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, उच्च व्होल्टेजसाठी उत्तम!"

खरेदीच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि उरलेली एकतीस पानं?"

"ती घाबरट लोकांसाठी असतात, बाई."

"नुसतं वेष्टन बघून साबण घेताय, भाऊ!"

चिप आली. अकराला मोठं गिऱ्हाईक येणार होतं. दहाला बटण दाबलं. नळ्या ढिम्म! मीटर एकशे वीसवर फतकल मारून बसलेला.

बाईंनी शांतपणे सतरावं पान उघडलं. "शंभर क्षणांतले दहा ही सक्तीची विश्रांती घेते. म्हणून दहापटीच्या वर हिची मजल नाही. बाराचे एकशे वीस, संपलं! तुमच्याच वळणावर गेलीय."

"मग तिला चोवीस देतो!" डिझायनर ओरडला. चोवीस व्होल्ट पुरवणारा डबा इमारतीत एकच होता, स्वागतकक्षाच्या आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दाराचा. त्यानं तो सोडवला आणि घड्याळाला जोडला.

आणि आकडे उमलले! जणू आठ संध्याकाळी आठ बाटल्यांत भरून ठेवल्या होत्या. डिझायनर बघतच राहिला. त्या उजेडात त्याला झाड दिसलं, ढग दिसले, ढगावर ठेवलेलं स्वतःचं टेबल दिसलं. काचेपलीकडे साहेब आणि पाहुणे दोन्ही हात हलवत होते. त्यानंही हलवले. साहेब काचेवर थापा मारू लागले. तो लाजून किंचित वाकला.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "त्या टाळ्या नव्हेत. दार सरकत नाहीये!"

पाहुणे सतरा मिनिटं काचेला नाक लावून उभे होते. आत आल्यावर म्हणाले, "घड्याळ देखणं आहे. अशी वीस द्या. दार मात्र आमचं आम्ही बघू."

शेवटी साहेबांना ऑर्डर मिळाली. सतरावं पान वाचणाऱ्या बाईंना खिडकी मिळाली. नवी चिप यायला तीन आठवडे होते, आणि तोवर घड्याळ विझवायचं नाही असा साहेबांचा हुकूम सुटला. सगळ्याची भरपाई एकट्या डिझायनरनं केली. तीन आठवडे स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तो हातानं दार उघडत होता. बाईंना तर रोज दोनदा जास्त; एकदा विसरलेला जेवणाचा डबा आणायला, आणि एकदा मुद्दाम!