घाण मागायला गेलेले अध्यक्ष

नेरुळच्या सोसायटीतले श्यामसुंदर स्वच्छता समितीचे अध्यक्ष होते, आणि ते झोपेतसुद्धा अध्यक्षच असत. लेक क्षिप्रा सहलीला जाताना बजावून गेली, "बाबा, माझ्या माशांना रोज चिमूटभर दाणे. बाकी टँकला हात लावायचा नाही." असं म्हटल्यावर ज्याचे हात शिवशिवत नाहीत, तो अध्यक्ष कसला?

फिल्टरमधला स्पंज काळा, बुळबुळीत झालेला पाहून त्यांना राहवलं नाही. (पाहुणे आले तर काय म्हणतील! पाहुणे येणार नव्हते, ही गोष्ट वेगळी.) बायको जयमाला नको नको म्हणत असताना त्यांनी स्पंज उकळला, खडे घासले, सगळं पाणी बदललं आणि लखलखीत टँकचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही गोल्डफिश पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. परवा क्षिप्रा येणार! श्यामसुंदर धावत तिसऱ्या मजल्यावर फजलकडे गेले. त्याच्या घरी चार टँक होते.

"श्यामभाई, स्पंज धुतला काय?"

"धुतला? उकळला!"

फजलने कपाळावर हात मारला. "अहो, त्या बुळबुळीत थरातच बॅक्टेरिया असतात. मासे पाण्यात घाण करतात, तिचं विष हेच पचवतात. तुमी अख्खा स्टाफ मारून टाकला!"

"मग आता?"

"अर्धं पाणी बदला. आनि आमच्या टँकचा मळका स्पंज न्या. त्याच्यात स्टाफ हाय."

आतून फजलची बायको खदीजा म्हणाली, "म्हंजे तोच टँक ना, ज्याची नोटीस दिली होती तुमी? घाण पाणी म्हणून?"

"वहिनी, नोटीस आत्ताच रद्द!" श्यामसुंदर हात जोडून म्हणाले. "फक्त जरा जास्त मळका असलेला द्या."

लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या नमिताने विचारलं, "काका, डब्यात काय?"

"घाण," ते म्हणाले. इतकं खरं ते मीटिंगमध्येही कधी बोलले नव्हते.

क्षिप्रा आली तेव्हा मासे मजेत दाणे टिपत होते. "बाबा, काय मस्त सांभाळलंत!" म्हणत तिने त्यांना मिठी मारली. श्यामसुंदरांना इतका आनंद झाला की ते भाषणच द्यायला लागले.

"अगं, खरं काम करणारे डोळ्यांना दिसतच नाहीत. रात्रंदिवस मागचं निस्तरत असतात. ते नसतील तर दोन दिवसांत सगळ्यांचा जीव जाईल!"

"कळलं एकदाचं," जयमाला स्वयंपाकघरातून म्हणाली. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मासे आधीच पाळायला हवे होते."