दशम्या पेडगावला पोचल्या

विषय : दुसऱ्या शनिवारी एका दिवसाकरिता मुख्यालय सोडून सपत्नीक पेडगाव येथे जाण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) मेहुणीची दिल्लीहून आलेली पोस्टकार्डे. २) पत्नीची तोंडी स्मरणपत्रे (सर्व).

उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचे, तर सगळा दोष दिल्लीचा. इंदूची धाकटी बहीण नीलांबरी तिकडे दिली होती. तिचे यजमान राधाकृष्ण केंद्र सरकारात होते आणि केंद्र सरकारला रविवारी काही काम नसावे. 'या रविवारी आग्र्याला जाऊन आलो.' 'गेल्या रविवारी मथुरा केली.' अशी कार्डे एकाहत्तर सालच्या थंडीत नगरला येऊन पडू लागली. 'राजधानीत राहण्याचा हा फायदा,' असे शेवटच्या ओळीत असे. ती ओळ इंदू मोठ्याने वाची.

एकदा ती वाचत असताना तिचे पती शामकांत दाढी करत होते. कचेरीतल्या आस्थापना शाखेतला हा कारकून एरवी विचारल्याशिवाय बोलत नसे. त्या दिवशी मात्र बोलून गेला.

"राजधानीचं काय एवढं? नगर निजामशाहीची राजधानीच होती. फक्त सध्या वापरात नाही."

"मग आपण का जात नाही कुठं?" इंदूने विचारले.

शामकांतांचा गाल कापला.

लग्नाला बारा वर्षे झाली होती. त्यात इंदूने माहेर, सिद्धटेकचा गणपती आणि सरकारी दवाखाना एवढी स्थळे पाहिली होती. आता तिच्या पायाला भिंगरी लागली. भाजीला येणारी काष्टीची राहीबाई म्हणाली, "ताई, पेडगावला चला की. माझं म्हायेर हाय ते. भीमेच्या काठाला किल्ला हाय, कोरीव देवळं हायेत. लई झ्याक." झाले. इंदूने त्याच दिवशी दिल्लीला कार्ड टाकले : 'येत्या शनिवारी आम्ही उभयता ऐतिहासिक पेडगाव पाहण्यास जात आहोत.' कार्ड पेटीत पडले आणि मग तिने नवऱ्याला सांगितले. बहिणीला उलट टपाली कळवण्याजोगे असे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच काही घडणार होते.

शामकांतांनाही मनातून जायचे होते. वाचनालयातून बखरी आणून त्यांनी इंदूला पेडगावचा इतिहास तोंडपाठ करवला. मोगलांचा बहादूरखान तिथे तळ देऊन होता. मराठ्यांच्या लहानशा तुकडीने त्याला हूल दिली. खान फौज घेऊन तिच्यामागे धावला आणि मागे उरलेल्या मराठ्यांनी छावणीतला खजिना नि घोडे पळवले, असे सांगतात.

"यातून बोध काय?" शामकांतांनी विचारले.

"मराठे हुशार होते."

"छे! खानानं परवानगीशिवाय मुख्यालय सोडलं!"

अडचण इथेच होती. सरकारी नोकराला सुट्टीच्या दिवशीसुद्धा मुख्यालय सोडायचे तर आधी परवानगी लागते. नियम आहे. तो कोणी पाळत नसे. बाकीची कचेरी शनिवारी दुपारी पुण्यात सिनेमा पाहत असे. पण कोणी भाबडेपणाने अर्ज केलेच, तर ते शामकांतांच्याच टेबलावर येत आणि 'प्रयोजन स्पष्ट करावे' असा शेरा घेऊन परत जात. पंधरा वर्षांत एकही अर्ज पहिल्या फेरीत सुटला नव्हता.

आता शामकांतांनी स्वतःचा अर्ज केला. साहेबांनी न वाचताच 'नियमानुसार सादर करा' म्हणून खाली पाठवला. तो शामकांतांच्या टेबलावर आला. स्वतःचा म्हणून सोडला, तर तो वशिला झाला असता. त्यांनी शेरा मारला : 'प्रयोजन स्पष्ट करावे.' मग खुर्ची फिरवून अर्जदार या नात्याने उत्तर लिहिले : 'ऐतिहासिक स्थळाचे दर्शन.' (उत्तर मोघम आहे, असे त्यांना वाटले, पण त्यांनी दयाबुद्धीने ते चालवून घेतले.) या देवाणघेवाणीत शुक्रवार उजाडला. फाईल वर गेली, तेव्हा साहेब पुण्याचे पाहुणे आले म्हणून घरी निघून गेले होते.

शनिवारी सकाळी इंदूने नवी साडी नेसली. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ भरला. स्टँडवर राहीबाई रिकामी पाटी घेऊन आली. तिघांनी काष्टीची गाडी धरली. परवानगी आलेली नाही, हे शामकांतांनी घरात कुणाला सांगितले नव्हते. आज नियम मोडायचाच, असे ठरवून ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

माळीवाड्यापासून त्यांची चुळबुळ सुरू झाली. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. खिडकी उघडली, लावली. पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून पाहिले, तर त्यांना तो कचेरीतला वाटला. गाडी दौंड रस्त्याच्या जकात नाक्यावर थांबली. इथे नगरपालिकेची हद्द संपते. म्हणजे मुख्यालयही संपते.

शामकांत पिशवीसकट उभे राहिले. "इंदू, परवानगी आलेली नाही."

"कुणाला?"

"मला."

"आणि मला?"

"तुला लागत नाही."

इंदू खिडकीशी सरकून बसली. "मग तुम्ही उतरा."

शामकांत उतरले. ती 'अहो, उतरू नका' म्हणेल, या हिशोबाने ते पायरीवर थोडे रेंगाळलेसुद्धा. पण कंडक्टरने घंटी मारली. "दादा, ताईची काळजी करू नका, मी हाय!" असे राहीबाई खिडकीतून ओरडली आणि गाडी गेली. धूळ खाली बसल्यावर त्यांच्या लक्षात आले, की दशम्या आपल्या हातात आहेत.

नाक्यावरचा भिमाजी कारकून पावतीपुस्तक घेऊन पुढे आला. "पिशवीत काय हाय?"

"दशम्या."

"गावात चालल्या का गावाभाईर?"

"बाहेर चालल्या होत्या. आता चालल्या नाहीत."

"आन् तुमी कुठं चाललाय?"

"कुठंच नाही."

"मग हितं काय करताय?"

"सहल," शामकांत म्हणाले.

भिमाजीने जास्त विचारले नाही. लिंबाखालचा दगड दाखवला. शामकांत बसले, उठले, पुन्हा बसले. घरी जावे, तर शेजारपाजाऱ्यांनी थाटात निरोप दिलेला. पुढे जावे, तर हद्द. चहाची टपरी समोरच होती, पण सीमेच्या दगडापलीकडे. अखेर टपरीवाल्याने कप आणला आणि शामकांतांनी हद्दीत पाय रोवून, कंबरेत वाकून तो घेतला. भिमाजी म्हणाला, "कोनी धरायला येतंय व्हय तुमाला?" शामकांतांनी त्याला बहादूरखानाची गोष्ट सांगितली. भिमाजीने शांतपणे ऐकून घेतली. "म्हंजी तुमी हितं राहिला आन् खजिना गेला तिकडं," तो म्हणाला.

त्याच वेळी गावाकडून एक जीप आली आणि करकचून थांबली. आत साहेब, साहेबांच्या मंडळी आणि पुण्याचे पाहुणे.

"अहो शामकांत! इथं काय करताय?"

"मुख्यालयातच आहे, साहेब." शामकांत ताठ उभे राहिले.

"ते दिसतंय. आम्ही पेडगावला चाललोय. चला, बसा मागं!"

परमेश्वर इतक्या सरळपणे कधी जीप पाठवत नाही. पण शामकांतांची जीभ पंधरा वर्षांची सरकारी होती.

"साहेब, अर्ज आपल्याकडे प्रलंबित आहे."

"अहो, मी तोंडी सांगतोय ना!"

"फाईलवर तसं काही दिसणार नाही, साहेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला. ड्रायव्हरने गिअर टाकला. तेवढ्यात शामकांत धावले. "साहेब, मंडळी पेडगावच्या गाडीची वाट पाहत काष्टीच्या स्टँडवर असतील. सकाळपासून उपाशी आहेत. एवढी पिशवी द्याल का?"

साहेबांच्या मंडळींनी हात पुढे करून पिशवी घेतली. दशम्यांना मुख्यालय सोडायला परवानगी लागत नव्हती.

दिवेलागणीला जीप परत आली. मधल्या काळात शामकांतांनी भिमाजीच्या डब्यातली चतकोर भाकरी खाल्ली होती आणि जकातीचे सगळे दरपत्रक वाचून काढले होते. जीपमधून इंदू उतरली. साडीला धूळ, चेहऱ्यावर ऊन आणि हातात रिकामी पिशवी.

"अहो, नदी केवढी मोठी!" ती म्हणाली. "आणि देवळाच्या भिंतीवर एवढं बारीक काम, की राहीबाई म्हणाली, भाकरीच्या पिठातसुद्धा असं जमायचं नाही!" ती बोलतच राहिली. मग थांबून म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

"वहिनींनी काय इतिहास सांगितला!" साहेब म्हणाले. "बखर नुसती पाठ आहे त्यांना. पाहुणे थक्क. आणि दशम्या फर्स्ट क्लास."

दिल्लीला सविस्तर पत्र गेले. त्यात जीप होती, भीमा होती, बहादूरखान होता. 'हे मुख्यालयात होते,' असे एका ओळीत होते. उत्तरादाखल नीलांबरीने एवढेच विचारले, की सरकारी जीप तुम्हाला नेहमी मिळते का? इंदू ते कार्ड दिवसभर गुणगुणत होती.

सोमवारी फाईल खाली आली. शामकांतांच्या उत्तराखाली साहेबांनी लिहिले होते : 'स्थळाचे दर्शन अर्जदाराच्या पत्नीस घडले आहे. सहलीत अर्जदाराची आवश्यकता काय, हे स्पष्ट करावे.'

शामकांतांनी तो कागद घरी आणला. "काय लिहू?"

इंदूने भाजी निवडता निवडता प्रामाणिकपणे विचार केला. "पिशवी धरायला, असं सांगितलं असतं. पण ती आपली आपण आली होती."

पुढच्या दुसऱ्या शनिवारी इंदू साहेबांच्या मंडळींबरोबर नेवाशाला जाऊन आली. त्यानंतर पैठण ठरले आहे. अर्जदाराचा खुलासा अद्याप अप्राप्त आहे. सबब अर्ज आस्थापना शाखेत, शामकांतांच्या टेबलावर, प्रलंबित आहे.