बनसोडे तात्या आणि वरनं येणारं चित्र

आमच्या घरात मिक्सर कधी फिरवायचा, हे शेजारचे बनसोडे तात्या ठरवायचे. चटणी अर्धीमुर्धी वाटून झालेली असायची आणि खिडकीबाहेरून आरोळी यायची, "मंगल, बटन बंद! आला त्यो!"

मंगल म्हणजे माझी बायको आणि 'त्यो' म्हणजे उपग्रह. हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जाताना ढगांचं चित्र रेडिओसारखं खाली सोडत जातो. ज्याच्याकडे यंत्र असेल, त्यानं ते फुकटात पकडावं. तात्या बिनतारी खात्यातून निवृत्त होऊन आमच्या कळस गावाला आले, ते जुने रेडिओ, तारांची भेंडोळी आणि कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर घेऊनच. मिक्सर चालू असला की चित्रावर रेघा येतात, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण हा उपग्रह नेमका स्वयंपाकाच्याच वेळेला का उगवतो, ते विचारलं की म्हणायचे, "त्येला काय तुमची भाकरी दिसती व्हय वरनं?"

त्यांचं घर पत्र्याचं, आमचं स्लॅबचं. त्यामुळे त्यांचा अँटेना आमच्या गच्चीवर. एकदा मॅचच्या शेवटच्या ओव्हरला टीव्हीवर नुसत्या मुंग्या. वर पळालो तर आमचा अँटेना पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला आणि तात्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा स्वतःचा सांगाडा दोन्ही हातांनी आभाळाकडे फिरवतायत.

"तात्या, मॅच!"

"मॅच उद्या पेपरात येतीय. ह्यो गेला की गेला."

"संध्याकाळी परत येतो की!"

"त्यो दुसरा."

चित्र मिळालं की खडखडत्या प्रिंटरवर त्याच्या प्रती निघायच्या आणि तात्या त्या गावभर वाटायचे. एक सलूनमध्ये, एक एसटी स्टँडवर, आणि एक मी कामाला असलेल्या दूध संकलन केंद्रात, बरोबर फॅटच्या दरपत्रकावर चिकटवलेली. दूध घालायला आलेला माणूस दर विचारायचा आणि मी त्याला अरबी समुद्र दाखवायचो. चित्र म्हणजे राख सांडल्यासारखं. "तात्या, ह्यात कळस कुठं?" असं कुणी विचारलं, की ते अंगठा टेकवायचे, "हितं." त्या अंगठ्याखाली अख्खा पुणे जिल्हा झाकून जायचा.

द्राक्षवाल्या दत्तूनं एकदा त्यांच्या भरवशावर औषधाची फवारणी केली. दुपारी पावसानं सगळी धुऊन नेली. दत्तू तावातावानं आला, तर तात्या शांत. "मी हवामान सांगत न्हाय, दत्तू. मी फकस्त चित्र वाटतो. पाऊस तुमचा तुमी बघायचा."

अखेर एका जूनमध्ये माझी सहनशक्ती संपली. गच्ची आमची, टीव्ही आमचा, आणि सत्ता ह्यांची! आज सांगाडा उतरवायचाच, असं ठरवून वर गेलो. तात्या टाकीच्या सावलीत बसले होते. त्या सकाळी त्यांची आरोळी आली नव्हती, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"तात्या, हे आज काढायचं," मी म्हणालो.

"काढ," ते म्हणाले. "फकस्त दुपारचा त्यो वरनं जाऊ दे."

हातातला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. समुद्रावर चक्रीवादळाचा पांढरा, गरगरीत भोवरा होता आणि त्याच्या कडेला जमिनीची काळपट पट्टी. तिच्यावर त्यांनी अलगद बोट ठेवलं. "सुजाता हितं हाय. मस्कतला."

सुजाता ही त्यांची एकुलती एक लेक. आई गेल्यावर वर्षभरातच नर्सच्या नोकरीसाठी परदेशी गेली. जाताना दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. तेव्हापासून तात्यांनी गावात तिचं नाव काढलं नव्हतं.

"फोन लावला का?"

"कालपासनं स्टँडवरच्या बूथवरनं लावतोय, लागत न्हाय," तात्या म्हणाले. "ह्ये तेवढं लागतं."

मी खाली गेलो, आमचा मिक्सर, टेबलफॅन सगळं बंद केलं आणि वर येऊन सांगाड्याचं दुसरं टोक धरलं. दुपारच्या चित्रात भोवरा किनाऱ्याला टेकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विस्कटला. तात्यांनी तो कागद कुठंच चिकटवला नाही.

संध्याकाळी आमचा फोन वाजला. आमच्या आळीत तो एकच फोन. पलीकडून सुजाता म्हणाली, "काका, मी बरीय. आबांना बोलावता?" तात्यांना ती आबा म्हणायची.

तात्या अनवाणीच धावत आले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडले, "ढग फाटल्यात बघ तुझ्याकडचं! मी बघितलंय वरनं! आता काय न्हाय व्हायचं!"

मग ती बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. तिनं त्यांना स्वतःबद्दल काहीतरी विचारलं असावं. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"मी? मी हाय की." मग आमच्याकडे पाठ करून, भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "करमत न्हाय गं."

मंगलनं मला बाहीला धरून बाहेर ओसरीवर नेलं आणि दार ओढून घेतलं.