रेघोबाची रिकामी चौकट

देव निर्माण करायचा माझा मुळीच विचार नव्हता. (मी साधा आवक-जावक कारकून. तेवढे अधिकार आमच्या टेबलाला नाहीत.) पण माझ्या सात वर्षांच्या लेकीनं आठवडाभर पेन्सिल हातात धरली नव्हती. तिनं काढलेला घोडा बघून चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, "सोफा छान आहे." तेव्हापासून वही कोरी आणि पोरीचं तोंड एवढंसं. मला ते बघवेना.

म्हणून मी रेघोबा काढला. अक्षरांचा आणि चित्रांचा देव.

"त्याला वाकड्या रेघाच आवडतात," मी ठोकून दिलं. "सरळ काय, पट्टीसुद्धा काढते."

"आणि काढल्याच नाहीत तर?"

"उपाशी राहतो बिचारा. रिकामी चौकट दिसली की त्याच्या पोटात खड्डा पडतो."

लेक गंभीर झाली. मी स्वतःवर खूश होऊन पेपर वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नव्या ओळखपत्रासाठी अर्ज द्यायची शेवटची तारीख होती. खिडकीपाशी नंबर लागला आणि आठवलं, अर्जावर फोटो चिकटवायचाच राहिलाय. घाईघाईनं अर्ज उघडला. फोटोच्या चौकटीत मी हजर होतो. म्हणजे एक बटाटा होता. त्याला चष्मा, एक कान मोठा आणि डोक्यावर तीन केस.

खिडकीतल्या बाईंनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत चित्राकडे.

"कुणी काढलं?"

"मुलीनं. मी दुसरा अर्ज भरून..."

"मान जरा डावीकडे करा."

मी केली.

"कान बरोबर आहे," म्हणत त्यांनी शिक्का मारला. ओळख पटली.

घरी येऊन सगळं सांगितलं.

"खरंच चित्रावरून ओळखलं?" लेकीनं विचारलं.

"लगेच."

ती धावत जाऊन वही घेऊन आली आणि पुन्हा घोडा काढायला बसली. (घोडा मलाही सोफाच वाटला. पण मी मुकाट्यानं त्याच्यापुढे गवत काढून दिलं.)

बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. म्हणाली, "शिक्का मारला खरा, पण बाईंनी नीट तपासलेलं दिसत नाही. तुम्हाला तीन केस आहेत कुठे?"

लेक वहीतून मान वर न करता म्हणाली, "आई, दोन रेघोबानं दिलेत."